शेवटचं पाणी

आये, वर्कशॉप अजून तिथंच आहे, जव्हारच्या स्टँडमागच्या गल्लीत, वर आमच्या दोन खोल्या आणि खाली गाळा. पत्रा तेवढा बदलला. तुझा जावई आज वाड्याला माल पोचवायला गेलाय, पॉलिशचं चाक बंद आहे, त्यामुळे गाळ्यात इतकी शांतता आहे की टाकीतलं पाणी तापताना करतं तो बारीक आवाजसुद्धा ऐकू येतोय. ते तापेपर्यंत मला काही काम नाही. एरवी अशा वेळी मी फडकी धुवून घेते किंवा वर जाऊन भाताचं आधण ठेवते. आज वही घेऊन तुला लिहायला बसलेय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, दादाच्या डोक्यावर पांढरे केस दिसायला लागले, तरी काही गोष्टी सांगायच्या म्हटलं की अजून तूच आठवतेस. दादाला सांगून उपयोग नाही. तो "हां हां" म्हणतो आणि पावसाचं बोलायला लागतो.

आमचं काम तू पहिल्यांदा पाहिलंस तो उन्हाळा मला स्वच्छ आठवतो. तुझा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता. दादानं तुला सूर्यमाळहून जीपनं आणलं, पाटावर बसवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "औषध लागू पडेपर्यंत ठेव तुझ्याकडं. तठं ती एका जागी बसायची नाय." एका जागी तू इथंही बसणार नव्हतीसच. पहिले काही दिवस वरच्या खोलीत तू माझे तांदूळ निवडलेस, आधीच लख्ख असलेले डबे पुन्हा घासलेस, शेजारणीचं तान्हं झोपवलंस. मग एका सकाळी जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी बसत बसत खाली उतरलीस आणि गाळ्याच्या दाराशी येऊन उभी राहिलीस. तुझा जावई चाकावर कात्री धरून उभा होता, ठिणग्या उडत होत्या. तू पदर तोंडाला लावलास, बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "ही घरातली कातर नाय."

"नाही आये. डॉक्टरांची आहे. ऑपरेशनची."

तू दाराशी पडलेला पाट लांब ओढून त्यावर बसलीस. जणू ती कात्री तुलाच कापायला निघाली होती.

मग मी तुला सगळं सांगत बसले. आजूबाजूच्या दवाखान्यांतून बोथट झालेल्या कात्र्या, सैल पडलेले चिमटे, रक्त धरून ठेवणाऱ्या पकडी आमच्याकडे येतात. तुझा जावई त्यांना धार लावतो, सांधा घट्ट करतो, चाकावर पॉलिश करतो. तेवढं झालं की माल माझ्याकडे. ठाण्याच्या कारखान्यात आम्ही दोघं कामाला होतो तेव्हा हेच काम मी शिकले होते. गरम पाण्यात साबण-सोड्यानं हत्यारांचं तेल आणि पॉलिशचं मेण काढायचं. मग ती ॲसिडच्या कोमट टाकीत बुडवून ठेवायची. ॲसिड म्हणजे भ्यायचं काही नव्हतं, सरबतात घालतात ते लिंबूसत. कारखान्यात जहाल ॲसिड वापरायचे, त्याच्या वाफेनं डोळे झोंबायचे. इथं गल्लीत पोरंबाळं खेळतात, म्हणून मी आपलं लिंबूसतच धरलं. त्यातून काढलं की पाण्यात, मग दुसऱ्या पाण्यात, आणि सगळ्यात शेवटी त्या निळ्या कॅनमधल्या पाण्यात.

तू विचारलंस, "हे लोखंड पान्यानं खराब होत नाय म्हनून तर त्याला स्टील म्हनतात ना? मंग त्याला इतकं कशाला धुवायचं?"

ठाण्याला हाच प्रश्न मी साहेबांना विचारला होता. त्यांनी जे उत्तर दिलं ते मलाच नीट कळलं नव्हतं, म्हणून तुला माझ्या पद्धतीनं सांगितलं. घासताना, धार लावताना लोखंडाचा अगदी बारीक कीस त्या कात्रीच्या अंगाला चिकटून राहतो. डोळ्याला दिसत नाही. पण तो गंजतो, आणि एकदा तो गंजला की खालच्या चांगल्या पोलादालाही धरतो. ॲसिड तेवढा कीस खाऊन टाकतं. मग पोलाद मोकळं होतं आणि हवेनं स्वतःच्या अंगावर साय धरतं, दुधावर धरते तशी, फक्त तीही दिसत नाही. ती साय असेल तर गंज आत शिरत नाही. पण टाकीतलं ॲसिड सांध्यात राहिलं किंवा नळाच्या पाण्यातला क्षार वाळून वर बसला, तर सगळी मेहनत फुकट. म्हणून पाणी.

"आनि ते निळ्या कॅनमधलं?"

"ते शेवटचं पाणी. बॅटरीत घालतात तसलं. त्यात क्षार नसतो, माती नसते, काहीच नसतं."

"मंग त्याला पान्याची चव तरी हाये का?" असं म्हणून तू हसलीस. मीही हसले. धुतलेला माल तपासायला मी मोरचुदाची बाटली ठेवते, ती तुला ओळखीची निघाली, शेळीच्या खुराला लावतात म्हणून. मी एका चिमट्यावर त्याच्या पाण्याचा थेंब टाकून दाखवला: चिमट्यावर लोखंडाचा कीस राहिला असता तर तिथं तांब्याचा लाल डाग उमटला असता. डाग आला नाही. तू मान हलवलीस. मला वाटलं, आईला आपलं काम पटलं. किती बरं वाटलं होतं मला.

त्याच दिवशी दुपारी मोठा लॉट टाकीतून निघाला. उन्हाळ्यात नळाला एकाआड एक दिवस पाणी यायचं, म्हणून मी दोन्ही पिंपं भरून ठेवली होती. मी बादलीनं पाणी घेऊन हत्यारांच्या जाळीवर ओतत होते आणि ते मोरीतून वाहून जात होतं. एक बादली, मग आणखी एक. मी नेहमीसारखी कामात होते. तू कधी उठलीस मला कळलं नाही. माझ्या मागं उभी राहून म्हणालीस, "बास कर."

मी वळून पाहिलं. तुझा चेहरा असा मी फार कमी वेळा पाहिला होता. तू ओरडली नाहीस. हळूच म्हणालीस, "तठं तुझी वहिनी भरल्या पोटानं खड्ड्याच्या काठावर बसलीया. वाटीनं पानी काढतीया. वाटी भरायची, हंड्यात ओतायची, परत पाझरायची वाट बघायची. हंडा भरेस्तोवर ऊन डोक्यावर येतं. आनि तू अठं लोखंडाला आंघोळी घालतेस."

मी म्हणाले, "आये, हे लोखंड माणसाच्या पोटात जाणार आहे."

"पोटात पानी पन जायला लागतं ना?"

माझ्या हातात रिकामी बादली होती. तुझ्या जावयानं चाक बंद केलं होतं. मला राग आला. तू चुकीचं बोलली असतीस तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी लहानपणी तोच खड्डा पाहिलाय, तीच वाटी माझ्या हातात होती, मीसुद्धा तिथं ऊन डोक्यावर येईपर्यंत बसलेय. ते तुला सांगायची गरज नव्हती आणि मला आठवायची इच्छा नव्हती. मी दुसरं पिंप उघडलं आणि राहिलेल्या जाळ्या धुवून घेतल्या, कारण अर्धवट धुतलेल्या जाळ्या ठेवून चालत नाही. तू तेवढा वेळ उभी राहून बघत होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाच्या गोळ्या पदराला बांधून तू मोखाड्याच्या जीपमध्ये बसलीस. गुडघ्याची सूज पुरती उतरली नव्हती. मी म्हटलं, "आणखी चार दिवस राहा." तू म्हणालीस, "अठं मला पानी घशाखाली उतरत नाय."

त्यानंतर पुरता महिनाही गेला नसेल. मी नाशिकला गेले होते, एका दवाखान्याचा माल द्यायला आणि येताना शेवटच्या पाण्याचे कॅन आणायला. तुझ्या जावयाचा फोन आला. वहिनीला कळा लागल्या, मूल आडवं आहे, मोखाड्याहून जव्हारला पाठवलंय आणि स्टँडजवळच्या डॉक्टरीणबाईंच्या छोट्या दवाखान्यात नेलंय. तो दवाखाना आमच्या ओळखीचा, त्यांच्या कात्र्या-चिमटे आमच्याकडेच यायचे. मी मिळेल त्या गाडीनं निघाले. घाटात एक ट्रक आडवा झाला होता, तिथं किती वेळ गेला देव जाणे. मी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. दादा औषधांच्या पिशव्या घेऊन पायरीवर बसला होता, तोंड एवढंसं झालेलं. तू आत वऱ्हांड्यात भिंतीला टेकून जमिनीवर बसली होतीस, पाय सरळ पसरून. मला बघून म्हणालीस, "पोरगी झाली. पोट फाडून काढली. दोघी बऱ्या हायेत."

मी तुझ्याजवळ बसले. तुझं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं, खांदाही ओला होता. मी विचारलं, "हे कशानं भिजलं?"

"सांडलं पानी."

मला आश्चर्य वाटलं होतं, खरंच. दगडधोंड्यांच्या वाटेवर दोन हंडे डोक्यावर आणि एक काखेत घेऊन तू चालायचीस आणि तुझ्या कपाळावर थेंब ओघळायचा नाही. पण तेवढ्यात आतून पोरगी रडली, दादा धावत आला, आणि ती गोष्ट तिथंच राहिली. आपण दोघी त्या दिवशी फारसं बोललोच नाही. आपल्यात ते आंघोळीचं बोलणं अजून पडलेलं होतं. तू वहिनीजवळ राहिलीस, मी डबा पोचवत राहिले. नागलीची भाकर आणि उडदाचं पिठलं केलं तर तू म्हणायचीस, "मीठ बरं पडलंय." त्याच्यापुढं काही नाही. वहिनीचे टाके निघाले, तुम्ही सगळे सूर्यमाळला परत गेलात.

पण तुझं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, आये. पुढच्या वर्षी होळी झाली, नळाचं पाणी कमी झालं, आणि मी तुझ्या जावयाला सांगितलं की पाऊस लागेपर्यंत मी टाकी लावणार नाही. धार लावून देऊ, सांधे नीट करून देऊ, पण ॲसिडचं आणि पाण्याचं काम बंद. तो म्हणाला, "मग पॉलिश करून काय उपयोग? तसाच माल दिला तर डाग धरेल." मी म्हटलं, पॉलिशही बंद. त्यानं डोक्याला हात लावला, पण माझ्यापुढं काही चाललं नाही. आम्ही दवाखान्यांना तसं कळवलं. काहींनी ठीक म्हटलं. काहींनी माल दुसरीकडे पाठवला. मला वाटत होतं, मी मोठी गोष्ट करतेय, आणि ती तुला कळली की तू न बोलता माझ्या डोक्यावरून हात फिरवशील. मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम तिकडे आले. तू आणि वहिनी बाजाराला उतरणार हे मला माहीत होतं. पोरगी तुझ्या कडेवर होती. कांदे निवडता निवडता मी तुला सांगितलं की आम्ही उन्हाळ्यात आंघोळी बंद केल्यात.

तू कांदा हातात धरून माझ्याकडे बघत राहिलीस. म्हणालीस, "बंद कशाला केल्यास? उन्हाळ्यात मानसं आजारी पडत नाय का?"

मला काय वाटलं असेल! भर बाजारात मी म्हणाले, "तूच म्हणाली होतीस ना? तुझ्यासाठी बंद केलं मी. आता असं बोलतेस?"

"म्या बोलले ते बोलले," तू म्हणालीस. "तू मोरीत ओतत होतीस म्हनून बोलले. बंद कर कुठं म्हनले?"

वहिनी मध्ये पडली, तुला म्हणाली, "आत्या, चला, जीप भरली." तू पोरीला सावरत निघालीस. मी तिथंच उभी. तुला खूश करणं कुणाच्या बापाला जमायचं नाही असं मला त्या दिवशी वाटलं, आणि ते मी बरीच वर्षं मनात धरून होते. पण त्याच आठवड्यात तू जव्हारला हजर झालीस, गाठोडं घेऊन. गाठोड्यात वाळवलेल्या दुधीभोपळ्याचा डवला होता, आपल्या घरी माठातून पाणी घ्यायला असतो तसला, नवा, तूच कोरलेला. गाळ्यात येऊन म्हणालीस, "बादली ठेव बाजूला. यानं घे पानी."

डवल्यानं लॉट धुवायचा म्हणजे अख्खा दिवस जाईल, मी म्हटलं. पण त्यावरून आपण बोलत बसलो, आणि मग मला कारखान्यातलं एक आठवलं. तिथं भिंतीवर चित्र लावलेलं होतं: ओळीनं हौद, माल एका बाजूनं पुढं सरकतो आणि पाणी उलट्या बाजूनं मागं येतं. शेवटच्या हौदातलं पाणी थोडं मळलं की ते आधीच्या हौदाला, त्यातलं त्याच्या आधीच्या. कारखान्यात नळाला भरपूर पाणी असायचं, त्यामुळे त्या चित्राकडे कुणी बघायचं नाही. आपण प्लास्टिकचे टप ओळीनं मांडले. जाळी बुडवायची, हलवायची, निथळू द्यायची, पुढच्या टपात. मोरीत जातं ते फक्त पहिल्या टपातलं, तेही चुना घालून, आंबटपणा मारून. डवला फक्त शेवटच्या पाण्यासाठी, वरून धार धरायला. पद्धत पुस्तकातली होती. पण ती रोज पाळायला लावणारी तू होतीस. जाळी निथळायच्या आधी मी पुढं सरकवली की तुझा आवाज यायचा, "थेंब पडतोय अजून." तुझा जावई तुला मागून फोरमन म्हणायचा. तुला त्याचा अर्थ कळला तेव्हा तू लाजलीस, पण आवडलं होतं तुला.

मग तू दर उन्हाळ्यात येत राहिलीस. नागलीचा दाणा घरात भरून, डोंगरावरचं काम उरकून यायचीस आणि पाऊस लागायच्या आत लावणीसाठी परत जायचीस. हत्यारं पुसायचं काम तू घेतलंस. धुतलेल्या कात्रीला उघड्या हातानं शिवायचं नाही हे एकदा सांगितलं ते पुरलं. पदराला हात पुसायची तुझी आयुष्यभराची सवय, पण गाळ्यात तू पदर खोचून बसायचीस आणि फडक्यातूनच चिमटा उचलायचीस, सांधा उघडून आत फडक्याचं टोक घालायचीस, कान टोकरावा तसं. पुसता पुसता गप्पा. कुणाच्या पाड्यावर कुणाचं लग्न ठरलं, जामसरच्या मावशीचा भात कसा आला, पोरगी किती खोडकर झाली. तेव्हाही आपण त्या पहिल्या उन्हाळ्याबद्दल कधी बोललो नाही. बोलायला काही उरलंय असं मला वाटलं नाही.

तू गेलीस ती थंडीत. तापाचं निमित्त, दोन-तीन दिवस अंथरुणाला, आणि सकाळी शेकोटीशेजारी बसल्या बसल्या. दादा म्हणतो, शेवटी तू पोरीला जवळ बोलावून तिच्या डोक्याला तेल लावत होतीस. मी पोचले तेव्हा पोरीचे अर्धे केस तेलकट होते आणि अर्धे तसेच. कितीतरी दिवस ती कुणाला केसांना हात लावू देत नव्हती. आता ती आश्रमशाळेत वरच्या वर्गात आहे, तुझ्यासारखीच ठेंगणी आणि तुझ्यासारखीच तोडून बोलणारी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मागच्या आठवड्यात एक वयस्कर बाई शिलाईची कात्री घेऊन आल्या. चेहरा ओळखीचा वाटत होता. बसल्यावर कळलं, डॉक्टरीणबाईंच्या त्या दवाखान्यातल्या सिस्टर. बाईंनी दवाखाना कधीच बंद केला, सिस्टर मुलाकडे राहायला गेल्या होत्या, आता परत आल्यात. तुझा जावई धार लावत होता, मी चहा ठेवला. त्या माझ्या टपांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुमची आई आहे का हो अजून?" मी सांगितलं, नाही. मग त्या वहिनीच्या बाळंतपणाच्या दिवसाचं सांगायला लागल्या.

त्या दिवशी गावात पाण्याची मोठी लाईन फुटली होती. दवाखान्यात सकाळी एक ऑपरेशन झालं होतं, त्याची हत्यारं मळलेली पडली होती, टाकी तळाला गेलेली. आणि तेवढ्यात वहिनीला आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबायला वेळ नाही, हत्यारं धुवून वाफेच्या भांड्यात टाका. धुवायला पाणी कुठंय? टँकर सांगितला होता, तो आला नव्हता. दादाला रक्ताच्या बाटलीसाठी पिटाळलं होतं. तू वऱ्हांड्यात बसून हे ऐकत होतीस. सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या आईनं मला विचारलं, काय धुवायचंय? मी म्हटलं, आजी, ऑपरेशनची हत्यारं. त्या उठल्या, मोरीतल्या दोन कळशा उचलल्या आणि विचारलं, विहीर कुठं?"

विहीर खालच्या आळीत. आत उतरायला पायऱ्या, त्याही उंच. आये, त्या सुजलेल्या गुडघ्यानं तू खाली उतरलीस. एकदा नाही. सिस्टर म्हणाल्या, किती खेपा केल्या ते त्यांनी मोजलं नाही, कारण त्या आत धुण्यात होत्या, पण प्रत्येक वेळी मागं वळल्या की कळशी भरलेली असायची. एका खेपेला तू पायरीवर घसरलीस, अर्धी कळशी अंगावर सांडली. तू परत फिरलीस आणि ती भरून आणलीस. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "आजी, बास आता, झालं धुवून." तर तू दारात उभी राहून विचारलंस, "शेवटचं पानी दिलं का?"

सिस्टरना कळेना तू काय म्हणतेस. तू पुन्हा म्हणालीस, "शेवटचं, येगळं, चांगलं पानी. माझी पोर देते."

सिस्टर चहाचा कप खाली ठेवून हसत हसत सांगत होत्या. त्यांनी म्हणे तुला सांगितलं की तेवढं शुद्ध पाणी वाफेच्या भांड्यासाठी वेगळं ठेवलंय, त्यातूनच देते. आणि तू तिथंच उभी राहिलीस, त्यांनी ते दिलेलं बघेपर्यंत. मग वऱ्हांड्यात जाऊन बसलीस. मी तुला तिथंच पाहिलं, भिंतीला टेकून, पाय पसरून.

माझा चहा गार झाला. सिस्टर गेल्यावर तुझा जावई म्हणाला, "सांगितलं का नसेल त्यांनी तुला?" मला वाटतं, मला ठाऊक आहे. सांगितलं असतंस तर मी म्हणाले असते, बघ, मी म्हणत नव्हते का. आणि मग तुला वाटीवाटीनं भरलेल्या त्या हंड्याचं बोलणं मागं घ्यावं लागलं असतं. ते तू घेणार नव्हतीस, आणि घ्यायचं कारणही नव्हतं. वहिनीच्या दारात आता नळ उभा आहे, पण वैशाखात तो कोरडाच असतो, आणि खड्डा अजून आहे. तू बोललीस ते खरं होतं. त्या दिवशी विहिरीवरून तू जे पाणी वाहिलंस तेही खरं होतं. तू दोन्ही स्वतःजवळ ठेवलंस आणि मला फक्त टप लावायला लावलेस. बाजारात तू मला रागावलीस ते कुठून आलं होतं, ते कळायला मला इतकी वर्षं लागली. पण वाईट वाटत नाही, आये. उलट गेला आठवडाभर काम करताना मध्येच हसू येतं. पायऱ्या उतरून आलेली, चिंब भिजलेली तू, शिकलेल्या सिस्टरला दरडावून विचारतेस, आणि ते माझ्या भरवशावर. "माझी पोर देते." माझ्या तोंडावर तू मला असं कधी म्हणाली नाहीस.

टाकी आता तापलीय, मला उठायला हवं. हे कुठं पाठवायचं नाही, पाठवायला पत्ताही नाही. मघाशी मी हे सगळं मोठ्यानं वाचून बघितलं. गाळ्यात कुणी नव्हतं म्हणून. वाचताना लक्षात आलं की मी शाळेतल्या मराठीत लिहिलंय. मी असं बोलायला लागले की तू म्हणायचीस, "गुरुजीवानी नको बोलू." म्हणून वही मिटली आणि पहिल्यापासून आपल्या बोलीत सांगायला लागले, तुझ्यासमोर बसून सांगावं तसं. बरंच जमलं. मग एका जागी अडले. पोलादावर गंज धरतो, त्या गंजाला आपण घरात काय म्हणायचो तो शब्द मला येईना. पावसात बाहेर राहिलेला कोयता उचलून तू दादावर ओरडतेस ते दिसतं, आवाजही ऐकू येतो, तेवढा एक शब्द येत नाही. सगळा जन्म याच कामात चाललाय माझा. वहिनीला फोन केला तर ती पटकन सांगेल. मघापासून दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तिला कळेल ना, की मी विसरले.